उजवी बाही

"नाव विचारलं तर नाव सांगायचं. पत्ता विचारला तर पत्ता. त्यापुढे एक अक्षर नाही," ती म्हणाली आणि तिने बाबांच्या करंगळीच्या भेगेत मलम भरलं.

बाबांच्या तोंडून 'स्स' निघालं, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. दहाही बोटांना चिरा पडलेल्या. सोडा, ब्लीच आणि ओल्या कापडांनी वर्षानुवर्षं कातडी खाल्ली होती. आता पाण्यात हात घालायचाच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून लाँड्रीत इस्त्री बाबांची आणि धुणं तिचं, शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर. आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, ती दिवे लागल्याशिवाय घरी यायची नाही.

"नुसतं 'हो' म्हटलं तर?" बाबांनी विचारलं.

"हो पण नाही. हो म्हणजे बोलणंच झालं ना, बाबा."

"आणि खोकला आला तर?"

"खुशाल खोका. खोकल्यावर कलम नाही."

बाबा हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते शेवटचं हसू.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरी देतानासुद्धा बाकाकडे बघून पुटपुटायची. मग शाळेत एक वकीलबाई आल्या, नागरिकांच्या हक्कांवर बोलल्या आणि हिची जीभ सुटली ती सुटलीच. वक्तृत्वात पहिली आली. मग बसकंडक्टरला नियम ऐकवून झाले, मुख्याध्यापकांना ऐकवून झाले, एकदा तर घरी आईलाच विश्रांतीच्या हक्कावर भाषण दिलं. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," असं म्हणत आईने तिच्या हातात पोळपाट दिला होता. बाबा मात्र तिला 'वकीलीणबाई' म्हणायचे आणि इस्त्री फिरवता फिरवता गिऱ्हाइकांना तिचं कौतुक सांगायचे.

काल चौकीतून निरोप आला, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, एवढंच ते म्हणाले. पायरीच आपल्या दारात आली तर काय करायचं, असं तिने विचारलं, आणि ती रात्र तिने बाबांना गप्प बसण्याचा हक्क शिकवण्यात घालवली.

निरोप होता शर्टाबद्दल.

लाँड्रीत एक नियम होता, आजोबांच्या वेळेपासूनचा. डाग कुठला ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. कधीचा, एवढंच विचारायचं. डाग काढायला त्याचं वय कळावं लागतं, चारित्र्य नाही. गिऱ्हाइकाची लाज झाकणं हा अर्धा धंदा, असं आजोबा म्हणत, आणि बाबांनी तो नियम तिला साबणाच्या प्रमाणाबरोबरच शिकवला होता.

शर्ट आला त्या सकाळी बाबा कपडे पोचवायला गेले होते. लाँड्रीचं जुनं गिऱ्हाईक असलेला कंत्राटदार स्वतः आला. एरवी त्याचा ड्रायव्हर यायचा. पांढरा शर्ट, कागदात गुंडाळलेला.

"कधीचा?" तिने विचारलं.

"रात्रीचा. घोळणा फुटला."

"उन्हाने फुटतो. कांदा हुंगायचा," असं ती वर म्हणालीसुद्धा. तो हसला नाही.

गार पाणी आणि मूठभर मीठ. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग जन्माचा बसतो. शर्ट पाण्यात पसरला तेव्हा तिने पाहिलं, छाती कोरी होती. डाग होता उजव्या बाहीवर, कफपासून कोपरापर्यंत, ठिपक्याठिपक्यांचा. घोळणा फुटला की रक्त पुढे गळतं. बाहीला नाक पुसलं तर फरांटा उठतो, ठिपके उडत नाहीत. डागांत वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. तिला ते कळलं. कळलं, आणि तिने आणखी मूठभर मीठ घातलं. शर्ट दुधासारखा निघाला तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटला आणि गाणं गुणगुणत तिने तो तारेवर टाकला.

दुपारी शाळेतून येताना कळलं की सलामकाका गेले.

सलामकाका म्हणजे समोरच्या मोठ्या इमारतीचे पहारेकरी. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना, अगदी गल्लीतल्या कुत्र्यांनाही, ते सलाम ठोकायचे, म्हणून ते नाव. आदल्या रात्री फाटक उघडायला उशीर केला म्हणून कुणीतरी त्यांना लोखंडी दांडक्याने मारलं होतं. त्यांचा निळा गणवेश दर आठवड्याला लाँड्रीत यायचा. "कॉलर कडक ठेव गं, माणूस वाकला तरी कॉलर वाकायला नको," असं ते म्हणायचे. शेवटचा गणवेश इस्त्री होऊन दुकानात लटकलेला होता. तो न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि बाबा तो खाली उतरवत नव्हते.

बाबांना तिने एवढंच सांगितलं होतं की कंत्राटदाराच्या शर्टावर रक्त होतं, घोळणा फुटला म्हणाले. बाबांनी पुढे काही विचारलं नाही. नियमच तसा होता.

चौकीत पंख्याचा आवाज माणसांपेक्षा मोठा होता. फौजदारांनी बाबांना खुर्ची दिली, तिला बाकावर बसवलं. टेबलावर तो शर्ट होता, प्लास्टिकच्या पिशवीत, कॉलरच्या आत लाँड्रीच्या लाल दोऱ्याची खूण. कंत्राटदाराच्या कपाटात सापडलेला. तपासणीत त्यावर काही म्हणजे काहीच निघालं नाही, असं फौजदार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग होता तसं थोडं कौतुकही होतं. कंत्राटदाराचं म्हणणं, माझाच घोळणा फुटला होता. आता तो डाग कसा होता हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ज्याने तो धुतला ते.

"हा तुम्ही धुतलात?"

बाबांनी नाव सांगितलं.

"नाव माहितीये मला. शर्ट कुणी धुतला?"

बाबांनी पत्ता सांगितला. बाकावर बसल्याबसल्या तिची छाती अभिमानाने भरून आली. फौजदारांनी ताकीद देऊन पाहिली, चहा मागवून पाहिला. पुरावा धुऊन टाकणं हा गुन्हा आहे, सगळं सांगितलंत तर साक्षीदार व्हाल, नाहीतर आरोपी, असंही म्हणून पाहिलं. बाबा ताकास तूर लागू देईनात. मधूनच एकदा खोकले तेवढेच, आणि तिच्याकडे पाहिलं.

मग फौजदारांनीही तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, मांडीवरच्या हातांकडे. सकाळच्या धुण्याने तिची बोटं अजून सुरकुतलेली होती.

"दुकानात आणखी कोण धुतं?"

"मीच धुतो," बाबा म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. शर्ट मीच धुतला. रक्त होतं, हो. छातीवर होतं. घोळणा फुटला असावा. पोरीला यातलं काही ठाऊक नाही, ती शाळेत असते. बाबा बोलतच राहिले, एवढं सलग बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक कंत्राटदार फाटकापासून एकेक पाऊल लांब जात होता.

"छातीवर. नक्की?" फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "चला, दुकानात चला. कसा धुतला ते करून दाखवा."

वाटेत फौजदार दोन पावलं पुढे असताना ती बाबांना लगटून कुजबुजली, की हे काय केलंत, गप्प बसायचं ठरलं होतं ना आपलं.

"तूच म्हणालीस, चौकीत बोललेलं कोर्टात धरत नाहीत," बाबा पुटपुटले. "मग काय बिघडलं?"

ते आरोपीने दिलेल्या कबुलीबद्दल होतं. की सगळ्यांबद्दल? साक्षीदाराचं काय? वकीलबाई त्यावर काही बोलल्या असतील तर तिला ते आठवेना.

दुकानात बाबांनी बादली ओढली. गार पाणी, मूठभर मीठ. तिथवर त्यांचे हात सराईत होते. फौजदारांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातला एक पांढरा शर्ट पुढे केला. बाबांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

मीठ भेगांत गेलं असणार. त्यांचा जबडा आवळला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. ते छातीचं कापड अंगठ्यांनी चोळू लागले. "इथे होता, साहेब. हा असा. एवढा." ते चोळत राहिले, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे कापडावर फिकट गुलाबी रंग उतरू लागला. पाण्यातही एक बारीक लाल धागा सुटला, मग दुसरा.

फौजदार वाकले. त्यांनी बादलीत पाहिलं, मग बाबांच्या चिरलेल्या बोटांकडे.

"काढा हात बाहेर," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हे हात पाण्यात जाऊन कितीतरी महिने झालेत."

बाबांनी हात काढले नाहीत. फौजदार सावकाश तिच्याकडे वळले.

"तिला गप्प बसायचा हक्क आहे, साहेब," बाबा म्हणाले. पाठ केलेला धडा म्हणावा तसे, एकेक शब्द जपून. "तिला विचारलं तरी तिने उत्तर द्यायलाच हवं असं नाही. बरोबर ना गं, वकीलीणबाई?"

"बरोबर," ती म्हणाली.

तिचा आवाज वक्तृत्वाचा नव्हता. हजेरीचा होता, गेल्या वर्षीचा. कंत्राटदाराचं घर दोनच गल्ल्यांवर होतं आणि त्याचा ड्रायव्हर रोज शाळेच्या रस्त्याने जायचा. आई दिवे लागल्यावर येणार होती. वर तारेवर सलामकाकांचा निळा गणवेश लटकत होता, पंख्याच्या वाऱ्याने जरासा हलत होता. कॉलर तशीच कडक होती.

ती बादलीपाशी उकिडवी बसली. बाबांचे हात मनगटाला धरून तिने पाण्याबाहेर काढले आणि आपल्या ओढणीत गुंडाळले, लहान मुलाचे गुंडाळावेत तसे. बाबा मानेने नको नको म्हणत होते. पाण्यातला शर्ट तिने उचलला, पिळला, टेबलावर पसरला. छाती सपाट केली आणि तशीच सोडून दिली. मग एक बाही ओढून फौजदारांच्या पुढ्यात सरळ केली, कफपासून कोपरापर्यंत.

"उजवी होती," ती म्हणाली.