अंगठ्यातला आयुष्याचा धागा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं भिंतींना टेकून, खिडक्यांत बसून, माना उंच करून समोर बघत होती. पडद्यावर दरवाज्याएवढा एक अंगठा उमटला होता. त्याच्या जाडजूड काळ्या रेषा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही कडांनी झिजत चालल्या होत्या. झिजता झिजता केसाएवढा बारीक धागा तेवढा उरला, आणि गर्दीतून एकच "आऽऽ" उमटला.

"जाडी जळाली!" रेषागुरू माइकवरून गरजले. "जाडी म्हणजे कर्माची चरबी! ती उतरली की उरतो तो आयुष्याचा धागा. डॉक्टरांचं यंत्र शरीर बघतं. आपलं यंत्र नशीब बघतं!"

अंगठा होता नऊ वर्षांच्या बबडीचा. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. पोरीला फेफरं येत होतं. गोळ्यांनी ते महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं होतं, पण पुरतं थांबलं नव्हतं, आणि ते 'पुरतं नाही' आईला आतून पोखरत होतं.

"सात ठिकाणी तुटलाय," रेषागुरूंनी काठी टेकवत तुटी मोजल्या. "गोळ्या देता?"

"हो, दोन वेळा."

"तीच कात्री! गोळी पोटात गेली की धागा कापला. आजपासून बंद. हे तेल रोज अंगठ्याला चोळा."

आईने गोळ्या फडताळात टाकल्या आणि तेल चोळलं. आठवड्यात दोनदा फेफरं आलं. "जुनं बाहेर पडतंय," गुरू म्हणाले, आणि खरंच, पडद्यावर तुटी दोनच उरल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात धागा सलग दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबडीला जेवताना फेफरं आलं. ते थांबेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेजारच्या रिक्षात घालून इस्पितळात नेईपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते.

"गोळ्या कधी बंद केल्या?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

आईने सांगितलं. डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले, आणि ते आईला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बबडीची आत्या हजेरीची अंगठायंत्रं दुरुस्त करायची. कामावरून ती थेट इस्पितळात आली, खांद्याला यंत्रांची पिशवी तशीच. बाकावर बसून आई पुटपुटत होती, "धागा सलग होता गं. मी डोळ्यांनी पाहिला."

"वहिनी, अंगठा दे इकडे."

आत्याने पिशवीतलं छोटं यंत्र मांडीवरच्या संगणकाला जोडलं. साबणाच्या पाण्याने सुकून भेगाळलेला आईचा अंगठा पडद्यावर उमटला, रेषा झिजल्या, धागा उरला. जागोजाग तुटलेला.

"आता हाच अंगठा केसांवरून फिरव. तेल लावलंयस ना?"

आईने फिरवला. यंत्रावर ठेवला. धागा जवळजवळ सलग!

"पूस." आत्याने स्पिरिटचा बोळा दिला. धागा पुन्हा तुटला.

"हे काय गं?"

"यंत्र ठशाचा फोटो काढतं. जाड रेषांवरून माणूस ओळखणं अवघड जातं, म्हणून संगणक त्यांच्या कडांचे ठिपके थराथराने सोलत जातो. मधोमध एका ठिपक्याची रेघ उरली की थांबतो. मग ती रेघ कुठे संपते, कुठे दुभंगते, एवढंच बघायचं. कोरड्या कातडीचा ठसा मुळातच तुटक उमटतो, मग रेघही तुटक. तेलाने ठसा भरतो, रेघ जुळते. वहिनी, आमच्याकडे हे रोजचं काम आहे. यात नशीब कुठेच नाही."

आईने पुन्हा पुसलं, पुन्हा तेल लावलं, पुन्हा पुसलं. सहा वेळा. कुठेतरी आत्या चुकावी, असं तिला अजूनही वाटत होतं. सातव्या वेळी तिने हात मागे घेतला आणि पदर तोंडात कोंबून ती रडली.

पुढच्या सभेच्या दिवशी बबडी अजून शुद्धीवर नव्हती. तिच्याजवळ आत्याला बसवून आई एकटीच सभागृहात गेली.

"या, भाग्यवान आई!" गुरूंनी तिला वर घेतलं. "सांगा सगळ्यांना!"

तिने अंगठा यंत्रावर ठेवला. पडद्यावर धागा तुटक.

"अरेरे, नऊ तुटी!"

तिने अंगठा केसांवरून फिरवून पुन्हा ठेवला. धागा सलग.

"पाहिलंत? श्रद्धा!"

"श्रद्धा नाही, केसांचं तेल." तिने स्पिरिटचा बोळा काढला, अंगठा पुसून ठेवला. धागा तुटला. "एका मिनिटात माझं नशीब फाटलं, शिवलं, परत फाटलं. आता तुमचा अंगठा पुसून ठेवा, गुरुजी."

"यंत्राला वाईट नजर चालत नाही!" गुरूंनी तार ओढली. पडदा काळा झाला.

"माझी पोर इस्पितळात बेशुद्ध आहे," आई माइकशिवायच ओरडली. "तिचा धागा सलग होता!"

 मग दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "मी हृदयाच्या गोळ्या दहा दिवस घेतल्या नाहीत," ते म्हणाले. "तेल लावत होतो." आणखी कुणीतरी तेच म्हणालं, मग आणखी कुणी. लोक व्यासपीठाकडे सरकले तेव्हा गुरू मागच्या दाराने पसार झाले होते. पोलिसांनी त्यांना दोन दिवसांनी पकडलं.

बबडीने सभेनंतर चौथ्या दिवशी डोळे उघडले. ती आईला ओळखते, पण शब्द सापडायला तिला फार वेळ लागतो. किती सापडतील, हे डॉक्टरीण बाईंनाही सांगता येत नाही. आई तिच्याजवळ बसून एकेक वस्तू दाखवते, नाव सांगते आणि वाट बघते. गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला, न चुकता.

संगणकाने दाखवलं म्हणून चमत्कार खरा होत नाही. लबाडी काळाप्रमाणे कपडे बदलते, एवढंच. कुणी पडद्यावर तुमचं नशीब दाखवलं तर विचारा, हे कशाने दिसतं? बोट पुसून परत बघू का? तुमचंही बघू का? विचारल्याने ज्याचा देव रागावतो, त्याच्या दारात उभे राहू नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजाऱ्याची एकही गोळी बंद करू नका. बबडीच्या आईला हे तीन आठवडे आधी कुणी सांगायला हवं होतं.