मोरपंखी गाडीचा गंज

सांडू फिटरचं डोकं फिरलंय, हे उस्मानपुऱ्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, पोरगा पुण्याला, खायची-प्यायची ददात नाय. अशा माणसानं देवदेव करावं, नातवंडांना फोन करावा. हा बाबा सकाळपासनं अंगणात मोडक्या स्कूटरचे पत्रे पॉलिश कागदानं घासत बसायचा. बरं, घासून गंज निघतोय म्हणावं तर तेही नाय. कागद संपायचे, बोटं सोलायची, आणि गंज आपला जागच्या जागी.

पण लोकांना काय कळतंय! सांडूला गाडी नकोच होती. त्याला गाडीवरचा तो श्रावणातला सोमवार हवा होता. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ही मोरपंखी रंगाची गाडी दारात आली, तेव्हापासनं दर साली एक सोमवार दोघं नवरा-बायको वेरूळला घृष्णेश्वराला जायची. दौलताबादचा घाट चढताना द्वारकाबाई मागून त्याचा खांदा धरायची आणि अखंड बोलत राहायची. अर्धं वाऱ्यावर जायचं, अर्धं ह्याला ऐकू यायचं, आणि हा सगळ्यालाच "व्हय, व्हय" करायचा. शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, "गाडी नीट करा की हो. एकदा जाऊन येऊ." गाडी नीट व्हायच्या आधी तीच गेली. आता ह्या श्रावणात गाडी पहिल्यासारखी करायची आणि तिच्यावर बसून वेरूळला जायचं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. तसं गेलं की ती पाठीशी असल्यासारखी वाटंल, ही त्याची वेडी आशा.

गंज मुळापासनं काढायचा तर वाळूचा मारा पाहिजे. हवेच्या जोरानं वाळू पत्र्यावर मारायची, म्हणजे रंग, गंज सगळं झडून कोरं लोखंड उघडं पडतं. चिकलठाण्याकडं कारखान्यांत हे काम चालतं, पण तिथं असा सुटा माल कोणी घेईना, आणि एकानं घ्यायची तयारी दाखवली तर त्याचा भाव ऐकून हा उठूनच आला. शिवाय परक्याच्या हाती द्यायला जीव होईना. पातळ पत्रा तो. एका जागी जास्त मारलं की तापून वाकडा होतो. "घरीच करतो," म्हणाला. हट्ट म्हणजे हट्ट!

पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर मागून आणला. वाळू गंगापूरच्या भाच्यानं पाठवली, थेट गोदावरीच्या पात्रातली. सांडूनं ती पुन्हा पुन्हा धुतली, गच्चीवर वाळवली. गोदामाईची वाळू, त्यात धुतलेली, तिच्यानं काय वाईट व्हायचंय? आमच्याकडं गोदावरीचं नाव घेतलं की माणूस काहीही गिळतो. तोंडाला उपरणं गुंडाळून ह्यानं अंगणातच मारा सुरू केला. पांढरा धुरळा असा उठला की समोरची भिंत दिसेना, आणि तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला.

पडला कसला! शेजारच्या कमरोद्दीननं भिंतीवरनं उडी टाकून बटण दाबलं होतं. कमरोद्दीनची उभी हयात चिकलठाण्यात ह्याच कामावर गेलेली. तो जो कडाडला!

"मरायचंय का रे तुला?"

"अरे, धुतलेली हाय. गोदावरीची."

"गोदावरीची असू दे नायतर मक्केची असू दे! वाळू पत्र्यावर आपटली की फुटती. तिची भुकटी डोळ्याला दिसत नाय, अन् एकदा छातीत बसली की निघत नाय. माझा सख्खा मेहुणा असाच गेला, धाप लागून लागून. अन् हा शहाणा उपरणं बांधतोय!"

सांडूही चिडला. "गेलो तर गेलो. माझ्यामागं कोण रडायचंय?"

कमरोद्दीननं कॉम्प्रेसरची वायर उपटून हातात घेतली. मग म्हणाला, "मी रडीन की, गाढवा."

त्या दिवशी वाळू गल्लीच्या खड्ड्यात गेली. दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारे भंगारबाजारातून जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा घेऊन आले. समोरून काच बसवली. खाली दोन भोकं पाडून त्यांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घट्ट आवळले. म्हणजे हात आत, माणूस बाहेर. फटी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बुजवल्या. आतली धूळ ओढायला पाइप लावला, तो पाण्याच्या बंद पिंपात सोडला. वाळूच्या जागी गार्नेटचा लाल खडा आणला, त्याची धूळ वाळूइतकी छातीला बाधत नाय. तो महाग, पण चाळून चाळून परत वापरता येतो. सगळं जुन्या-पान्यात भागवलं, फक्त धूळ गाळणाऱ्या दोन डब्यांच्या मास्कात कमरोद्दीननं कंजुषी करू दिली नाय. खडा चाळायला द्वारकाबाईची पिठाची चाळणी निघाली. बाई असती तर तिनं त्याच चाळणीनं दोघांना हाणलं असतं.

पहिला मडगार्ड बाहेर आला तो राखेसारखा करडा, कोरा. त्यावर ना ओरखडा, ना डाग.

"आजच्या आज प्रायमर मार," कमरोद्दीननं बजावलं. "उघडं लोखंड रात्र काढत नाय."

पण सांडूला तो झाकवेना. गाडी दारात आली त्या दिवशी ओवाळून झाल्यावर द्वारकाबाईनं इथंच हात फिरवला होता, वासराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. सांडूनं मास्क उतरवला आणि आपला उघडा तळवा पत्र्यावर टेकवला. लई वेळ तसाच बसला. प्रायमरचा डबा तसाच बंद राहिला.

सकाळी बघतो तर मडगार्डवर गंजाचा तांबूस पंजा उमटलेला, पाचही बोटं साफ. घामातलं मीठ, दुसरं काय!

"बघ," कमरोद्दीन म्हणाला, "लोखंडालासुद्धा माया सोसत नाय." आणि पत्रा परत कूलरच्या डब्यात घातला.

श्रावण लागेपर्यंत इंजिन सांडूनं स्वतःच दुरुस्त केलं, एकेक पत्रा कोरा झाला, प्रायमर बसला, वर मोरपंखी रंग चढला. सोमवारी सकाळी गाडी अंगणातून बाहेर काढली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी. दुकानातून नुकतीच आणलीय अशी दिसत होती. सांडूनं धुतलेला सदरा घातला होता. किक मारली, गाडी बोलायला लागली, हा बसला आणि निघाला. कोपऱ्यावर वळताना उजवीकडं कलंडून सपशेल आडवा!

कमरोद्दीन धावला. "ब्रेक का? टायर का?"

"काय कळंना."

उठला, परत बसला. गाडी परत उजवीकडं झुकत झुकत गेली, पाय टेकला म्हणून वाचला. कमरोद्दीन मागून टक लावून बघत होता. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "गाडीला काय नाय झालेलं. तू उजव्या अंगाला कलून बसतोस, सांडूभाऊ."

तेव्हा सांडूच्या ध्यानात आलं. द्वारकाबाई नऊवारी नेसायची, मागं एका अंगानं बसायची, दोन्ही पाय डावीकडं सोडून. अंगानं चांगली भरलेली बाई. तिचा भार तोलायला हा उजवीकडं कलायचा. सारा संसार असाच कलून केला, कधी कळलंसुद्धा नाय. आज मागं कुणीच नव्हतं, आणि हा तिचा भार तोलतच होता.

"सरळ बस की," कमरोद्दीन म्हणाला.

सांडूनं हँडल घट्ट धरलं. "सरळ बसलो की ती उतरली असं वाटतं रे, कमरू."

दारात उभ्या बायांनी पदर डोळ्याला लावले. कमरोद्दीननं मागच्या मोकळ्या सीटवर हात ठेवला.

"मग उतरू दे तिला," तो म्हणाला. "किती दिवस बसवून ठेवशील? पाय अवघडले असतील बाईचे."

सांडूला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच रडू आलं. भर रस्त्यात, लोकांदेखत, लहान पोरासारखा तो रडला. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून त्यानं किक मारली आणि ताठ, सरळ बसला.

वेरूळपर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. एकदाही कलली नाय, आणि तेच त्याला सोसेना.