मी, काही दिवसांचा खुबा

मी एक जुना खुबा आहे. जुना म्हटलं की तुम्हाला वाटेल, कुणाला तरी वर्षानुवर्षं चालवून दमलेला असेल. तसं काही नाही, मित्रांनो. मांडी जिथे कमरेला जोडली जाते, त्या सांध्याच्या जागी मी फार थोडे दिवस राहिलो. माझा जन्मच मुळी तात्पुरता म्हणून झाला.

माझ्या आधी त्या जागी धातूचा चकचकीत खुबा होता. तो बसवला होता इस्त्रीमावशीला. कोपऱ्यावरच्या अरुंद दुकानात उभ्या उभ्या लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात मावशीचा जन्म गेला. त्यात तिचा स्वतःचा खुबा झिजला, म्हणून नवा घातला. आठवडाभरात ती काठी टेकत चालायला लागली. सगळे म्हणाले, झकास काम झालं.

मग जखमेचा एक कोपरा ओला राहू लागला. सकाळी चादरीवर पिवळट डाग दिसायचा.

मावशीनं काय करावं? मुलगी उठायच्या आत ती चादर धुवायची, दिवसा वाळवायची, कडक इस्त्री करून रात्री पुन्हा अंथरायची. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चहाचा असो, शाईचा असो, रक्ताचा असो, तिच्या हाताखालून गेला की मागमूस राहत नसे. हाही राहिला नाही.

"आई, रोज रोज चादर कसली धुतेस?" मुलगी विचारायची.

"तुझ्या त्या ग्रीस लागलेल्या हातांनी घर कळकट होतं, म्हणून धुते," मावशी म्हणायची. मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची, त्यामुळे तिला हे उत्तर पटायचं.

एकदा मावशीनं चाचरत जवळच्या दवाखान्यात सांगून पाहिलं. तिथल्या माणसानं खुर्चीतून न उठता, जखम न बघता गोळ्या लिहून दिल्या. "होतं असं थोडंफार," म्हणाला. मला त्या माणसाचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. जखम कागदावर दिसत नसते, उठून बघावी लागते. त्यापेक्षा जास्त राग येतो तो लाजेचा. हात कापला तर माणसं गावभर दाखवत फिरतात. तीच जखम कमरेखाली असली की तोंडाला कुलूप. कमरेखालचं शरीर काय शेजाऱ्याचं असतं?

शेवटी ताप भरला आणि पाय टेकवेना. मुलीनं तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, पट्टी सोडून नीट बघितलं आणि विचारलं, "कधीपासून वाहतंय?"

मावशी अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

"वाहत नव्हतं हो," मुलगी म्हणाली. "चादर तर रोज पांढरीशुभ्र असायची." एवढं बोलून ती थांबली आणि आईकडे बघत राहिली. त्या बघण्यापुढे मावशीला मान वर करता येईना.

मित्रांनो, आता एक गंमत ऐका. न्हाणीघरातल्या जाळीला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं ना? जंतू धातूवर तसाच बुळबुळीत थर पसरतात आणि त्याच्या आड दडून बसतात. औषध रक्तातून येतं, पण धातूत रक्त कुठून असणार? त्यामुळे औषध दारापर्यंत येतं आणि परत जातं. म्हणून बाईंनी सांगितलं, की हा खुबा काढायचा, सडलेलं सगळं खरवडायचं, धुवायचं, आणि जागा निर्मळ झाली की मगच नवा बसवायचा.

"म्हणजे बेअरिंगच गेलं, वरून तेल ओतून उपयोग नाही," मुलगी म्हणाली.

"अगदी तसंच."

"आणि जागा निर्मळ झालीच नाही तर?" मावशीनं विचारलं. "मला उभं राहता येईल ना?"

"तसं वचन देत नाही, मावशी. प्रयत्न पुरेपूर करीन."

त्या प्रयत्नांतला एक म्हणजे मी. शस्त्रक्रिया चालू असतानाच बाजूच्या टेबलावर माझा जन्म झाला. भांड्यात हाडाच्या सिमेंटची पांढरी पूड, त्यात जंतू मारणारं औषध, वर उग्र वासाचं पाणी. नर्सनं भराभर घोटलं आणि पोलादी कांब घालून साच्यात ओतलं. मी आपोआप तापलो, मग दगडासारखा झालो. मावशीच्या रिकाम्या जागेत मला बसवलं. माझं काम जागा धरून ठेवायची आणि अंगातलं औषध झिरपू द्यायचं. पूर्ण भार मात्र सोसायचा नाही.

हाडाला लागून असल्यामुळे मला सगळं जाणवायचं. ठणका कमी झाला. ताप उतरला. मावशी वॉकर धरून घरभर फिरू लागली.

"हाच बरा आहे की," ती एकदा म्हणाली. "पुन्हा चिरफाड कशाला?"

"आई, तो पाहुणा आहे. पाहुण्याच्या खांद्यावर घर नाही टाकायचं."

मी मात्र फुशारलो. मला वाटलं, मावशी मला ठेवून घेणार.

आणि एका सकाळी चादरीवर पुन्हा डाग दिसला, नखाएवढा.

मावशीनं मुलगी उठली नाही ना, ते पाहिलं. मग तिनं चादर ओढली, वॉकरवर टाकली आणि न्हाणीघरात गेली. नळ सोडला. पाणी बादलीत पडत होतं. त्या डागाखाली नेमकं कोण आहे, याचं मलाही भारी कुतूहल होतं. माझ्या अंगातल्या औषधाला न बधणारे कुणी उरले होते का?

मावशीनं नळ बंद केला.

"अगं, इकडे ये. ही चादर बघ जरा."

मुलगी धावत आली. तिनं आईच्या हातातून चादर घेतली आणि बाईंना दाखवायला न धुता पिशवीत घातली.

बाईंनी सांध्यात सुई घालून पाणी काढलं, तपासायला दिलं. जंतू उरले होते, चिवट जातीचे. माझं औषध त्यांना पुरेसं नव्हतं. मला काढलं, जागा पुन्हा धुतली आणि दुसऱ्या औषधाचा माझा धाकटा भाऊ तिथे बसवला. मला वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू? पण बाई म्हणाल्या, "मावशी, ही चादर धुतली असतीत ना, तर पुढच्या वेळी हाड सडलेलंच हाती लागलं असतं." भावानं काम तडीस नेलं. नंतर तोही निघाला आणि नवा धातूचा खुबा बसला.

मला उकळून, निर्जंतुक करून बाईंनी आपल्या टेबलावर ठेवलंय. मावशी तपासणीला आली तेव्हा मला हातात घेऊन म्हणाली, "एवढासा होता होय? आणि मी समजत होते केवढा!" आता ती उंच स्टुलावर टेकून इस्त्री करते, मधूनच उभी राहते. दर खेपेला माझ्याखाली नवा रुमाल अंथरून जाते, घड्या अशा की बोट कापावं.

परवा मावशी आली तेव्हा बाईंच्या टेबलासमोर एक गृहस्थ बसले होते. बाईंनी काही विचारलं की "तसं काही नाही" म्हणायचे. मावशीनं त्यांच्या पँटवरचा पुसट ओला ठिपका हेरला. धंद्याची नजर ती.

"दादा, तो डाग बाईंना दाखवा."

"घरी गेल्यावर धुतो हो."

"धुणं कुठे पळून जातंय? आधी दाखवा."

मित्रांनो, मला दुसरं काही सांगायचं नाही. अंगावरचा, अंगातला, कुठलाही डाग असो, धुवायची घाई करू नका. आधी कुणाला तरी दाखवा. आणि कुणी तुम्हाला दाखवायला आलं, तर खुर्चीतून उठा.