खळी

भाऊ घरीच गिटारी बनवायचा. लाकडाला त्याचा हात गोड, पण प्लास्टिक कापायला घेतलं की त्याचा धीर सुटे. लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली काळी पट्टी बसवतात, पिकगार्ड म्हणतात तिला. ती त्याच्याकडून हमखास कुठेतरी जास्त कापली जायची आणि गिटारीच्या भोकाशी फट राहायची. मग मागच्या खोलीतून हाक यायची, "ताई, निस्तर गं बाई!"

ताई निस्तरायची. त्याच प्लास्टिकचा चुरा नेलपॉलिश काढायच्या पाण्यात विरघळवून दाट लगदा करायची, फटीत भरायची आणि वर थोडा फुगवटा ठेवायची, कारण लगदा वाळला की खाली बसतो. मग घासून इतकं सपाट करायची की नखालाही फट लागू नये.

पुढे भावजय आली. आल्या आल्या म्हणाली, "वन्सं, द्या इकडे. तुम्ही जरा पाठ टेका."

पाठ टेका! ताईच्या पाठीला काय धाड भरली होती? तरी ती उठली. भावजयीनं लगदा भरला आणि सुरीनं लगेच सपाट करून टाकला. फुगवटा नाहीच. ताईच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कळेल उद्या, असं मनात म्हणून वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी चांगला खड्डा पडला होता. भावानं त्यावरून बोट फिरवलं. ताई बघायला पुढे सरकली.

"अगं, ही तर खळी पडलीय!" तो बायकोकडे बघून हसत सुटला. "तुझ्या गालासारखी. राहू दे अशीच."

गिटार न्यायला आलेला वादक तर करंगळी टेकायला जागा झाली म्हणून खूश. भावजय लाजून लाल. ताई आत भांडी आपटत होती. तिच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती हे खरं. पण नाव तरी कुणी दिलं होतं?

पुढची फट आली तेव्हा भावजय घरात नव्हती. ताईनं लगदा भरला आणि फुगवटा न ठेवता सुरी फिरवली. हात ऐकत नव्हता, तरी फिरवली.

सकाळी भावाचं बोट तिथे थांबलं. "काय गं," तो बायकोला म्हणाला, "पुन्हा खळी? हात बसला की तुझा!"

"माझी नव्हे हो. वन्सांची असेल."

"ताईची? काहीतरीच! ताईची फट कधी दिसते का? कुठे होती ते मलासुद्धा सापडत नाही."

ताई दारातच उभी होती. भावजयीनं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मग माझीच असेल."

आता हेही हिनंच घ्यायचं!

"माझी आहे ती," ताई फणकारली. "सरक तिकडे." लगद्याची वाटी ओढून तिनं खळी भरली, वर फुगवटा ठेवला, लांबूनही दिसेल एवढा. "बघून ठेव. वाळला की बसतो हा. आणि गालाबिलासारखं काही नको मला इथे."