छताकडची बाजू

मित्रांनो, मान जरा वर करा. अजून थोडी. हां, दिसलो? मी एक जुना पंखा आहे. तीन पाती, मध्ये वाटोळं पोट आणि मला छताच्या हुकाशी धरून ठेवणारी लोखंडी दांडी, एवढाच माझा संसार. बोलता बोलता माझा धागा सुटला तर रागावू नका. जन्मभर एकाच जागी गोल फिरलं की डोळा लागल्यासारखं होतं. मग स्वप्न कुठे संपलं आणि खोली कुठे सुरू झाली, हे मलाही नीट सांगता येत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. रांगेत टांगलेली माझी भावंडं आठवतात, मग खोक्यातला अंधार. डोळे उघडले ते थेट या खोलीत. खाली शिवणयंत्र होतं, कापडाच्या चिंध्या होत्या आणि एक बाई वर बघून मलाच विचारत होती, "आवाज नाही ना रे करणार?" घरातली दोन मुलं तिला आई म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात आईच म्हणू लागलो.

आई लोकांचे कपडे शिवायची. टेबलावर कागदी नमुने पसरलेले असायचे, ते उडू नयेत म्हणून दिवसा मला एक नंबरावर रांगत ठेवायची. झोपायच्या वेळी मात्र तीनवर. तीनवर मी गुणगुणतो. धाकटा मुलगा उताणा पडून माझ्या सुरात सूर मिसळायचा आणि तसाच झोपून जायचा. म्हणून आईनं त्याचं नाव भुंगा पाडलं. थोरली मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणत, आईसुद्धा.

एक अडचण तुम्हाला सांगितली पाहिजे. मला माणसं वरून दिसतात. कुणाचा भांग कसा, कुणाचे केस कुठे विरळ झाले, सगळं मला पाठ असतं. पण चेहरा नीट दिसतो तो फक्त आडव्या झालेल्या, नाहीतर मान वर करून बघणाऱ्या माणसाचा. पोरं मोठी होऊन दुसरीकडे झोपू लागली की त्यांचे चेहरे मला पारखे होतात. याचं मला फार वाईट वाटतं.

एका उन्हाळ्यात वायरमननं मला तेलपाणी करायला खाली उतरवलं, पाती सुटी करून जमिनीवर मांडली आणि काहीतरी आणायला तो बाजारात गेला. कोपऱ्यात दाराचा उरलेला तांबडा आणि खिडकीचा उरलेला निळा रंग होता. मग काय, पोरांना रान मोकळं! ताईनं एक पातं तांबडं केलं, भुंग्यानं एक निळं. तिसऱ्या पात्यावरून जुंपली. आई हातातलं काम सोडून आली आणि म्हणाली, "अर्धं अर्धं करा." मध्ये एक वाकडीतिकडी रेघ मारून दोघांनी ते वाटून घेतलं. वायरमननं परत आल्यावर कपाळावर हात मारून घेतला. रंग वाळल्यावर मला वर चढवलं, पोरं माना ताणून उभी राहिली आणि बघतात तर काय, सगळा पांढराफटक पंखा! त्यांनी माझी छताकडची बाजू रंगवली होती. भुंग्यानं भोकाड पसरलं. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "छताला तरी दिसेल की रे!"

पण खरी गंमत पुढेच होती. संध्याकाळी झरोक्यातून तिरपं ऊन माझ्या पाठीवर यायचं. मी फिरत असलो की तांबडा आणि निळा एकमेकांत विरघळायचे आणि छतावर एक फिकट जांभळा उजेड थरथरत राहायचा. आई काम आटोपून क्षणभर पाठ टेकायची, तेव्हा तो बघत पडायची. आम्ही दोघं मिळून जागेपणी पाहिलेलं ते एकच स्वप्न.

वर्षं कशी गेली, ते मला विचारू नका. भुंगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, तिकडेच त्यानं घर केलं. ताई आईजवळ राहिली. माझ्या पाठीवर धुळीचा थर चढत गेला. खालून मी स्वच्छ दिसत होतो, ताई फडकं फिरवायचीच, पण पंख्याची पाठ कोण बघतं? आई अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा म्हणाली, "ताई, छतावर जांभळं यायचं, ते हल्ली येत नाही गं." ताईला वाटलं, आई तापात बरळतेय. तिनं कपाळावर ओली पट्टी ठेवली. मी जिवाच्या आकांतानं फिरलो, पण धुळीतून रंग कसा निघणार?

आई गेली. मागे मृत्युपत्र ठेवून गेली. राहतं घर मुलीला आणि घरातलं सामान मुलाला.

एका दुपारी वकीलबाई आल्या. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त, म्हणून मला त्या लगेच आवडल्या. त्यांनी ताईला आणि शहरातून आलेल्या भुंग्याला समोर बसवून समजावलं. "मृत्युपत्र खरं आहे, असं कोर्टानं शिक्का मारून सांगायचं, त्याला प्रोबेट म्हणतात. घरात काय काय आहे ते आज लिहून घेते. शिक्का होईपर्यंत इथली सुईसुद्धा हलवायची नाही. आणि तुम्ही," त्या भुंग्याकडे वळल्या, "माझी हरकत नाही असं लिहून दिलंत, तर काम सरळ होईल. नाहीतर दावा उभा राहील, वर्षानुवर्षं जातील, आणि ताईंच्या डोक्यावरचं छप्पर तोवर अधांतरी."

"तिला घर आणि मला ताटल्या-वाट्या," भुंगा म्हणाला. "आईच्या लेखी मी पाहुणाच होतो म्हणायचं."

"मी मागितलं नव्हतं रे," ताई म्हणाली.

"तुला मागावंच कुठे लागलं? आधी माझं सामान मोजून होऊ दे, मग सहीचं बघू."

त्यानं शिवणयंत्राच्या खणातून आईचा चपटा खडू काढला आणि एकेका वस्तूवर फुली मारत सुटला. कपाट, खाट, टेबल, आणि तो खण ज्याचा होता ते यंत्रसुद्धा. ताई मांडीवरच्या एका चिंधीची घडी घालत बसली होती. पण तिच्या भांगातले पांढरे केस थरथरत होते, ते मला दिसत होते. शेवटी त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा पंखा."

वकीलबाई म्हणाल्या, "तो छताला जोडलेला आहे. म्हणजे घर."

"आणि काढून खाली ठेवला की?"

"मग सामान," त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

मित्रांनो, एवढी वर्षं लटकून मी घर आहे की सामान, हेच मला ठाऊक नव्हतं! भुंग्यानं बटण बंद केलं, स्टूल ओढलं आणि खडू घेऊन वर चढला. फुली मारायला त्यानं पात्याच्या वरून बोटं फिरवली. धूळ बाजूला झाली आणि खालून निळा रंग डोकावला.

त्यानं खडू खिशात टाकला. मग शर्टाच्या बाहीनं त्यानं पुढचं पातं पुसलं. ते तांबडं होतं. तिसऱ्यावर ती वाकडी रेघ.

"ताई, वर ये."

"कशाला?"

"ये तर खरं. मी स्टूल धरतो."

ताई चढली. मग माझ्या अगदी जवळ तिचा आवाज आला, लहानपणचा. "बघ, रेघ तुझ्याकडे जास्त सरकलीय. तू हात हलवला होतास."

"तूच ढकललं होतंस!"

दोघं हसली. आणि हसता हसता ताई एकदम स्टुलावरच खाली बसली. "आई म्हणायची रे, छतावर जांभळं यायचं म्हणून. मी म्हटलं, ताप चढलाय. पुसलासुद्धा नाही मी हा कधी."

"काय जांभळं?" भुंग्यानं विचारलं.

ताईनं चिंध्यांच्या ढिगातला एक मऊ तुकडा उचलला. दोघांनी आळीपाळीनं चढून माझी पाठ लख्ख पुसली. मग तिनं मला एकवर लावलं. झरोक्यातलं ऊन उतरायला लागलंच होतं. मी हळूहळू फिरलो आणि छतावर तो उजेड पुन्हा थरथरू लागला.

तिघांनी माना वर केल्या. वकीलबाईंचा चष्मा मागे घरंगळला. आणि मला भुंग्याचा चेहरा दिसला. तो उताणा पडून गुणगुणायचा, त्यानंतर पहिल्यांदाच इतका नीट. डोळ्यांभोवती सुरकुत्या आल्या होत्या, पण तो भुंगाच होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"कुठे सही करायची?" त्यानं खाली न बघताच विचारलं.

कोर्टाचा शिक्का झाला, घर ताईच्या नावावर लागलं. भुंगा खाट आणि यंत्र घेऊन गेला. मला मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. ताईला म्हणाला, "पंखा माझा आहे. पण राहील इथेच. माझ्या वस्तूची देखभाल करायला मला यावंच लागेल." आणि तो येतो. वर चढतो, ताई स्टूल धरते, आणि त्या रेघेवरून दोघं पुन्हा भांडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद लटकत असेल. एखाद्या सुट्टीत आधी बटण बंद करा, कुणाला तरी स्टूल धरायला सांगा आणि त्याची पाठ पुसा. पुसून झालं की त्याला एकवर लावा आणि खाली उभे राहून थोडा वेळ वर बघा. आम्हालाही तुमचे चेहरे बघायचे असतात.