वरचं बटण

“आई कपडे करून बसलीये, बाबा. डॉक्टरांनी सकाळीच सोडलं. तासाभरात येतो आम्ही,” फोनवर शुई-मूची मुलगी पेइ-जुंग म्हणाली.

“तासाभरात? संध्याकाळी येणार होतात ना?”

“मग काय, नको आणू?”

“आण गं, आण.” शुई-मूने फोन पायरीवर ठेवला आणि जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीत उघड्या असलेल्या बटणाच्या डबीकडे बघितलं. बोलता बोलता त्याच्या बोटांनी जुना जोड सोडवून टाकला होता. आत विजेरीच्या उजेडात तीन तारा, तिन्ही पांढऱ्या. एकीच्या टोकाला टेप होती, ती कळत होती. उरलेल्या दोघींतली दिव्याकडे जाणारी कुठली आणि खालच्या बटणाकडून आलेली कुठली, देव जाणे.

चाळीस वर्षं ताइनान शहराच्या गल्लीबोळांत त्याने वायरिंग केलं होतं. “आधी खूण कर, मग सोड,” हे त्याने हाताखालच्या प्रत्येक पोराला पकडीच्या दांड्याने टपली मारून शिकवलं होतं. लोकांच्या घरात लाल, काळी, पांढरी अशी शिस्तीत वायर. स्वतःच्या घरात मात्र कुठल्याशा कामावरचं उरलेलं एकरंगी भेंडोळं. फुकटचं ते पौष्टिक!

घराला एकतीस वर्षं झाली. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा तिथे अंधार. वरच्या खोलीत देव आणि पूर्वजांच्या नावाच्या पाट्या. त्याची बायको युए-शा सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावायला वर जायची. नळी, तारा, डबी, सगळं त्याने बांधकामातच घालून ठेवलं होतं. वरचं बटण तेवढं राहिलं होतं. अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं. “उद्या लावतो,” तो म्हणायचा. शेवटी तिने त्या भोकावर देवळाचं कॅलेंडर टांगलं आणि दरवर्षी बदलत राहिली.

आणि याची खोड अशी, की जिन्यात दिवा जळताना दिसला की खालून बंद करायचा. “रिकाम्या जिन्याला उजेड कशाला?” मग वरून आरोळी यायची, “ए म्हाताऱ्या माकडा, मी आहे अजून वर!” एकतीस वर्षं ही त्यांच्या घरातली थट्टाच होती. दोन महिन्यांपूर्वी त्याने बटण दाबलं तेव्हा आरोळी आली नाही, ती पडल्याचा आवाज आला. खुब्याचं हाड मोडलं.

“चप्पल सरकली,” तिने मुलीला सांगितलं. तो दवाखान्यातल्या खाटेशी उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. ती यायच्या आत हे बटण लागलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

खालचं बटण त्याने सकाळीच बदललं होतं. आता वर अंदाजाने तारा खोचल्या, स्क्रू आवळले, खाली जाऊन मेन चालू केला, खालचं बटण दाबलं. दिवा लागला. गुडघे धरत वर आला, वरचं दाबलं. विझला. पुन्हा खाली. खालचं दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. वरच्याची मर्जी असेल तरच खालचं चालणार! नवशिक्याची चूक, आणि वय त्र्याहत्तर.

मेन बंद केला, पुन्हा वर. एक स्क्रू निसटला आणि टकटक करत पार खालपर्यंत गेला. विजेरी मारत तो शोधून आणला. दोन तारांची अदलाबदल केली, झाकण बसवलं, आणि तो मेन चालू करतोय तोच दाराशी टॅक्सी थांबली. तपासायला वेळच उरला नाही.

“आत्ता हे?” पेइ-जुंग जिन्याकडे बघून म्हणाली. “बाबा, आई आता वर कुठे चढणार आहे? मी तर म्हणते, देवच खाली आणू.”

शुई-मूने हातातला स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवला. त्याला भयंकर लाज वाटली. युए-शा वॉकर टेकत टेकत जिन्यापाशी आली, भिंतीलगतच्या खुर्चीत बसली आणि नव्या बटणाकडे बघत राहिली.

“सकाळची उदबत्ती झाली?” तिने विचारलं.

“राहिली. या गडबडीत...”

“मग जा की. पूर्वज खोळंबलेत. आणि तू, पेइ-जुंग, पाणी ठेव चहाला.”

मुलगी आत गेली. युए-शाने दिवा लावला. तो चढू लागला. आठव्या पायरीवर असताना खट्ट आवाज आला आणि काळोख झाला.

त्याने दोन्ही हातांनी भिंत धरली. पुढची पायरी कुठे आहे ते कळेना. आरोळी त्यालाही ठोकता आली असती, पण त्याने ठोकली नाही. पाय घासत, चाचपडत तो एकेक पायरी वर सरकला. हाताला गुळगुळीत झाकण लागलं. चालेल का, या शंकेने क्षणभर थांबला आणि मग त्याने दाबलं.

जिना उजळला. खाली युए-शा मान वर करून बसली होती, बोट अजून बटणावर.

“चप्पल नाही ना सरकली?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी दिवा घालवला होता.”

“माहितीये मला.” तिने बटणावरून हात काढून मांडीवर ठेवला. “जा, लाव उदबत्ती. मी बसलेय इथे.”