अठ्ठावीस इंची पाय

आमच्या मास्तरांनी व्यायामासाठी सायकल घ्यायचं ठरवलं, त्या दिवशी त्यांचं वजन ब्याऐंशी किलो होतं. सायकल घरात आली तेव्हा ते शहाऐंशी झालं होतं. व्यायामाच्या नुसत्या विचारानंही माणूस फुगतो, हा शोध त्यांच्या नावावर लावायला माझी काही हरकत नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान. धंदा शिंप्याचा, त्यातही पॅंटचे कारागीर. पुढे दुकान, मागे घर आणि मधल्या दारात माझी खुर्ची. मास्तर कापतात, शिवतात; मी काजं-बटणं करते, दुमडी घालते आणि गिऱ्हाईक गेलं की मास्तरांनी केलेलं मास्तरांचं कौतुक ऐकते. तीस वर्षांत मापाच्या चुकीनं एकही पॅंट परत आली नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. कशी येईल? भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी आहे: 'कापड कापल्यावर मापाबद्दल तक्रार ऐकली जाणार नाही.'

तर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. साखर वाढली होती. सहा महिने देते, म्हणाल्या, रोज घाम गाळा, वजन उतरवा, नाहीतर इंजेक्शनं सुरू करू. मास्तर हसले. मला हसू आलं नाही. माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. आधी एक बोट गेलं, मग पाऊल. शेवटची दोन वर्षं त्यांनी एका पायानं मशीन चालवलं. ते मशीन अजून दुकानात आहे, पायडल एकाच बाजूला झिजलेलं. रोज सकाळी मी ते पुसते. मला भीती वाटत होती, हे आधीच सरळ सांगून टाकते, कारण यापुढे मी बरंच वाकड्यात बोलणार आहे.

घाम गाळायला चालणं पुरलं असतं. पण चालायला काही विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे मास्तरांना त्यात राम वाटेना. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक सायकलवाल्यांची चड्डी घेऊन आलं. शिवण उसवली होती. मास्तरांनी चड्डी उलटी केली, आतली गादी दाबून पाहिली आणि गिऱ्हाईकाची कंबर नजरेनं मोजली. बत्तीस. तो गृहस्थ म्हणे रोज गावामागच्या डोंगरावर सायकल चढवायचा. आमच्या दुकानातून तो डोंगर दिसतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा तो मास्तरांना तीस वर्षं दिसतच होता. त्या दिवशी तो त्यांना बोलावू लागला.

मग साडेतीन महिने अभ्यास. कापायच्या टेबलावर कापडाऐवजी मोबाइल. पुढे एकच सस्पेन्शन असलेली हार्डटेल घ्यायची की पुढे-मागे दोन्हीकडे असलेली, चाक साडेसत्तावीसचं की एकोणतीसचं, पुढे गिअरची एक चकती बरी की दोन, ब्रेक तेलावरचे की तारेचे. खाकी कागदावर पॅंटचा नमुना काढतात, तसा त्यांनी तुलनेचा तक्ता काढला आणि सासऱ्यांच्या मशीनच्या वर टांगला. शेजारचा न्हावी रोज येऊन मत देऊन जायचा. त्याच्याकडे सायकल नव्हती, पण मतं भरपूर. दोघं बिस्किटं खात चढाचा कोन ठरवायचे. बाजारात तुरी, आणि इथे फोडणीवरून वाद! ऐकायला माणूस हवं म्हणून सगळं ज्ञान शेवटी माझ्या कानांत ओतलं जाई. चढावर हलका गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा, उतारावर ढुंगण मागे न्यायचं, पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. मी बटणं लावता लावता हो म्हणत असे.

तोवर निदान कोपऱ्यापर्यंत चालून या, असं मी सुचवून पाहिलं. चालण्यानं गुडघे झिजतात आणि ते सायकलसाठी राखून ठेवायला हवेत, असं उत्तर मिळालं.

शेवटी आम्ही सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस. त्यानं सांगितलं की फ्रेमचा आकार पायाच्या आतल्या लांबीवर ठरतो. बूट काढा, भिंतीला टेकून उभे राहा, हे पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा, मी मोजतो. मास्तरांनी त्याच्या हातातल्या टेपकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"माझं माप तुम्ही घेणार?" मास्तर म्हणाले. "अठ्ठावीस. लिहा."

तुमच्याकडे बघून जास्त वाटतं, असं तो पुटपुटला. त्यावर त्याला तीस वर्षांचं भाषण मिळालं. त्यानं निमूट लिहून घेतलं. तक्त्याप्रमाणे रंग, ब्रेक, चाकं सगळं वेगळं सांगून कंपनीतून मागवायचं होतं, म्हणून त्यानं बजावलं की असा माल परत घेतला जात नाही. मास्तरांनी खूष होऊन मान डोलावली. धंद्याची शिस्त असलेला माणूस, असं त्यांनी मला रस्त्यात दोनदा सांगितलं.

सायकल आली. मास्तरांनी स्वतः शिवलेली चड्डी घातली. आत गादी म्हणून कोटाच्या खांद्यांत घालायचे पॅड होते. न्हावी आपल्या कारागिराच्या हाती कात्री देऊन बघायला आला. मास्तर बसले, पायडल मारलं आणि त्यांचा गुडघा हॅंडलला लागला. सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर केली, तरी ते पुढे दुमडलेलेच. न्हाव्यासारखा न्हावी, पण त्यालाही मत सुचेना.

मला मात्र खुंटीवरच्या पॅंटकडे पाहताच उलगडा झाला. अठ्ठावीस होती ती पॅंटची आतली शिवण. पॅंट जमिनीच्या वर थांबते आणि जांघेत सैल सोडलेली असते. पाय तसा नसतो. तो थेट जमिनीपर्यंत जातो. तीस वर्षं मास्तरांनी गावभरच्या पॅंटी मोजल्या होत्या, पाय एकाचाही नाही. संध्याकाळी ते गुपचूप भिंतीला टेकले, मापांची वही पायांत धरली आणि मला टेप वाचायला सांगितला. एकतीस.

जाऊन सांगा त्या दुकानदाराला, मी म्हटलं. मास्तर भिंतीवरच्या स्वतःच्या पाटीकडे बघत बसले.

"कोणत्या तोंडानं सांगू?"

सायकल मशीनशेजारी उभी राहिली. हॅंडलवर शिवून झालेल्या पॅंटी लटकू लागल्या. मास्तर आता पुढच्या वर्षी दुसरी सायकल घेण्याबद्दल बोलू लागले. डॉक्टरीणबाईंच्या मुदतीतले दोनच महिने उरले होते, आणि मी रोज सकाळी झिजलेलं पायडल पुसून झालं की नवी पायडलं पुसत होते. एकदा राग आला म्हणून मी त्या सायकलवर बसूनच पाहिलं. दोन्ही पाय बेताचे टेकले. हात हॅंडलवर सहज पोचले.

"तुला बसते की," मास्तर म्हणाले. नव्या गिऱ्हाईकाला पहिली पॅंट शिवून देताना बोलतात त्या आवाजात. एवढं चपखल बसलेलं माप खुंटीला टांगून ठेवणं त्यांच्यातल्या कारागिराला सोसेना. मला सायकल येत नाही, माझं वय बावन्न आहे, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. शिकवतो, म्हणाले.

डोंगराच्या पायथ्याला तांबड्या मातीची वाट आहे, हलक्या चढाची. तिथे रोज सकाळी मी सीटवर आणि मास्तर मागून सीट धरून पळताहेत. पहिल्या दिवशी चाळीस पावलांत ते दगडावर बसले. मी दोनदा पडले. पंधरा दिवसांत आम्ही ओढ्यावरच्या फळकुटांच्या पुलापर्यंत पोचू लागलो, आणि सोळाव्या दिवशी मला सायकल आली. सुईत पहिल्याच खेपेला दोरा जावा तसा तोल आला. आता ओरडून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मागून मास्तरांची धाप ऐकू आली. मी सांगितलं असतं तर ते सीट सोडून दगडावर बसले असते. बिस्किटं खिशातच होती.

मी हॅंडल मुद्दाम वाकडं केलं.

तिथून पुढे मी मन लावून डुगडुगले. रोज बोलणी खाल्ली. इतकी ढ बाई आयुष्यात पाहिली नाही, असं अठ्ठावीस इंची पायाचे मास्तर मला म्हणायचे आणि मी मूग गिळून बसायची. पॅंटची कंबर अर्धा इंच आत घे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी ती अशी आनंदानं घेतली की सुई बोटात गेली. महिन्यानं आणखी एक इंच. हल्लीचं कापड सैल पडतं, असं मास्तरांचं मत झालं.

पण पुलाच्या पलीकडे वाट झाडांत शिरते आणि वळणं घेत माथ्यावर जाते. मास्तरांचा दम संपला की आम्ही पुलावरून परतायचो, आणि मला ती वळणं रोज मागे टाकावी लागायची. एका दुपारी ते अस्तर आणायला गेले. मी दुकान बंद केलं आणि सायकल काढली. साडेतीन महिन्यांचं कानांत साचलेलं ज्ञान असं कामाला आलं की काय सांगू. चढाआधी हलका गिअर, उतारावर ढुंगण मागे. माथ्यावरून आमच्या दुकानाचा पत्रा दिसला. मी एकटीच मोठ्यानं हसले. घरी येऊन सायकल पुसली आणि खुर्चीवर बसून गुणी बाईसारखी काजं करू लागले.

दुसऱ्या सकाळी उठून पाहते तो मास्तर सायकलपाशी बसलेले. हातात कापडावरचा खडू झटकायचा ब्रश. टायरच्या खाचांतून पांढरी माती वर्तमानपत्रावर पडत होती. खालची वाट तांबडी. पांढरी माती फक्त माथ्याजवळ आहे. फ्रेम पुसली होती मी, खाचा राहिल्या होत्या. पांढऱ्या खुणा झटकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या नजरेतून त्या सुटणार होत्या थोड्याच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधली. मास्तरांनी कागदाची घडी करून ती टोपलीत टाकली, म्हणाले, उशीर होतोय.

पायथ्याशी मी सीटवर बसले आणि वाट पाहिली. आता म्हणतील, जा एकटी. मागून सीटवर हात पडला.

"नीट बस," मास्तर म्हणाले. "पडशील."

आणि पळू लागले.

मुदतीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. वजन ऐंशी, साखर उतरलेली, इंजेक्शनं नकोत. पण हे असंच चालू ठेवा, म्हणाल्या. करता तरी काय? बायकोला सायकल शिकवतो, मास्तर म्हणाले. बाईंना मजा वाटली. ही शिकली की मग काय करणार, असं त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घेताना पाहतात तसं.

"ही? हिला नाही जमायचं इतक्यात," ते म्हणाले. "दहा-वीस वर्षं तरी धरा."

मी मान खाली घातली आणि हो म्हटलं.